चित्राचा भाव कोण ठरवतं?

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. लिलाव पुकारणारा पुढे आणि व्यापारी मागे, असा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो. कुणी दोन-चार कांदे उचलून साल किती सुटली ते बघतो, कुणी रंग आणि आकार पाहतो, कुणी माल ओला आहे की सुकलेला ते बोटांनी चाचपतो. बोली लागते, चढते, थांबते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. शेतकऱ्याला भाव पटो वा न पटो, तो निघाला कसा हे त्याच्या डोळ्यांसमोर असतं. मालाची प्रत, त्या दिवशीची आवक, बाहेरची मागणी, निर्यात खुली की बंद. निफाड तालुक्यातल्या कोणत्याही ओट्यावर या चार गोष्टींवर तासभर बोलणं होऊ शकतं.

आता दुसरा लिलाव पाहू. वासुदेव गायतोंडे यांनी १९६१ साली रंगवलेलं एक तैलचित्र २०२१ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ३९ कोटी ९८ लाख रुपयांना गेलं. त्यात देव नाही, राजा नाही, देखावा नाही. आहेत ते रंगांचे थर आणि त्यातून उमटणारे आकार. कॅनव्हास, रंग आणि लाकडी चौकट यांचा खर्च काढला तर तो या रकमेच्या जवळपासही जाणार नाही. शेजारच्या गावातला एखादा कलाशिक्षक तेवढ्याच आकाराचं चित्र काढतो आणि ते पाच हजारांना विकणंही त्याला जड जातं.

मग हा भाव आला कुठून? लिलावातल्या बोलीतून, हे उत्तर अर्धंच आहे. बोली लागण्याआधी चित्राच्या आयुष्यात बरीच वर्षं एक संस्था काम करत असते, आणि ती बहुतेकांच्या नजरेला पडत नाही. ती म्हणजे आर्ट गॅलरी. ती नेमकं काय करते हे समजून घ्यायचं तर मुंबईच्या ‘गॅलरी केमोल्ड’ची गोष्ट बघावी. १९६३ पासून आजवर चालू असलेली ही गॅलरी समकालीन कलेला वाहिलेल्या देशातल्या सर्वांत जुन्या व्यावसायिक गॅलऱ्यांपैकी एक आहे.

गॅलरी नव्हती तेव्हा

स्वातंत्र्यापूर्वीच्या मुंबईत चित्रकाराला पोट भरण्याचे मार्ग मोजकेच होते. संस्थानिकांची आणि शेठजींची व्यक्तिचित्रं काढायची, जाहिरातींसाठी चित्रं काढायची, कॅलेंडरं आणि पुस्तकांची मुखपृष्ठं करायची, नाहीतर शाळा-कॉलेजात शिकवायचं. मकबूल फिदा हुसेन यांनी तर सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. स्वतःच्या मनातलं चित्र काढून ते विकायचं आणि त्यावर घर चालवायचं, ही कल्पनाच अवघड होती.

चित्रं लोकांसमोर यायची ती मुख्यतः बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात. १८८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं पदक मिळणं हा मोठा मान होता. अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्राला १९३७ मध्ये तिथलं सुवर्णपदक मिळालं. पण वार्षिक प्रदर्शन म्हणजे शेकडो चित्रं एका छताखाली, थोड्या दिवसांसाठी. पाहणाऱ्याला एखाद्या चित्रकाराची दोन-तीन कामं दिसणार आणि प्रदर्शन उतरलं की तो चित्रकार पुन्हा वर्षभर दृष्टिआड होणार. त्याचा विचार कुठून निघाला आणि कुठे चालला आहे, हे कळायला वाव नव्हता.

१९४७ मध्ये सहा तरुणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला. गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा, अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे, कृष्णाजी हौळाजी आरा आणि हुसेन. इंग्रजी कलाशाळेचं ठरीव वळण त्यांना नको होतं आणि जुन्या भारतीय शैलीची नक्कलही नको होती. त्यांचं प्रदर्शन १९४९ मध्ये झालं. पण प्रदर्शन संपल्यावर ही चित्रं ठेवायची कुठे, दाखवायची कुणाला आणि विकायची कशी, हा प्रश्न उरलाच.

त्या काळात त्यांना आधार मिळाला तो युरोपातून आलेल्या काही माणसांचा. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये कलासंचालक होते, त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत. रुडॉल्फ व्हॉन लायडन वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल लिहीत. औषधांच्या व्यवसायातले इमॅन्युएल श्लेसिंगर त्यांची चित्रं विकत घेत. एकाने शिकवलं, एकाने लिहिलं, एकाने खरेदी केली. पुढे गॅलरी जी कामं करू लागली, त्यांची सुरुवात या तिघांच्या दिवाणखान्यांत झाली होती.

फ्रेमच्या दुकानातली खिडकी

केकू गांधी यांचा जन्म १९२०चा. वांद्र्याच्या समुद्रालगत ‘केकी मंझिल’ हे त्यांचं घर. ते केंब्रिजला शिकायला गेले होते, सुटीत घरी आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्यामुळे परतच जाऊ शकले नाहीत. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला रोजर व्हॅन डॅम या बेल्जियन गृहस्थांशी त्यांची ओळख झाली आणि त्यातून चित्रांच्या चौकटी, म्हणजे फ्रेमच्या पट्ट्या बनवण्याचा व्यवसाय उभा राहिला. ‘केमिकल मोल्डिंग’ या दोन शब्दांची जोडणी करून नाव झालं केमोल्ड.

फ्रेमवाल्याकडे चित्रकार येणारच. पण फ्रेमचे पैसे रोख देण्याची त्यांची ऐपत नसायची, आणि चित्रं दाखवायला जागाही नसायची. केकूंनी या चित्रकारांची कामं आपल्या शोरूममध्ये, रस्त्यावरून दिसतील अशी लावायला सुरुवात केली. लग्नाचा फोटो मढवून घ्यायला आलेल्या माणसाला तिथे के. के. हेब्बर, आरा किंवा हुसेन यांची चित्रं दिसू लागली. कुणी थांबून विचारायचं, हे काय आहे? कुणी किंमत विचारायचं. कुणी क्वचित घ्यायचंही.

ही गोष्ट लहान वाटते, पण गॅलरीचं पहिलं काम इथेच कळतं. चित्र चित्रकाराच्या खोलीतून उचलून अनोळखी माणसाच्या नजरेसमोर आणणं, ते नीट मढवून उजेडात टांगणं आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यायला कुणीतरी तिथे हजर असणं. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं की ते सामान वाटतं. तेच डोळ्यांच्या उंचीवर, आजूबाजूला मोकळी जागा सोडून लावलं की पाहणारा दोन पावलं मागे सरकतो आणि बघू लागतो.

जहांगीर : भिंत मिळाली

मुंबईच्या काळा घोडा भागात, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ इमारतीचा खर्च दिला. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. वास्तुरचना दुर्गा बाजपेयी यांची. प्रवेशदारावर पुढे आलेलं काँक्रीटचं छत आजही त्या इमारतीची ओळख आहे. आत पुढे १९६४ पासून ‘समोवार’ नावाचं उपाहारगृह चालू झालं, ते २०१५ मध्ये बंद होईपर्यंत चित्रकार, कवी आणि नाटकवाल्यांचा अड्डा होतं. बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसू लागले.

जहांगीरमुळे मुंबईच्या चित्रकाराला हक्काची भिंत मिळाली. इथे एक फरक मात्र नीट लक्षात घ्यायला हवा, कारण गॅलरी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जहांगीर येते.

जहांगीरची मुख्य दालनं भाड्याने मिळतात. चित्रकार अर्ज करतो, समिती त्याचं काम पाहते, निवड झाली की तारीख मिळते. त्या तारखेसाठी अनेकांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मग आठवडाभर दालन त्याचं. चित्रं आणणं, लावणं, निमंत्रणं छापणं, येणाऱ्यांशी बोलणं, विक्री करणं, सगळं त्याने बघायचं. आठवडा संपला की चित्रं खाली उतरतात आणि दुसऱ्याची वर चढतात. कोल्हापूरच्या, नाशिकच्या, नांदेडच्या चित्रकारालाही मुंबईचा प्रेक्षक मिळावा, ही सोय या व्यवस्थेने केली आणि तिचं मोल मोठं आहे. पण दालन चित्रकाराची पुढची जबाबदारी घेत नाही, आणि घ्यावी अशी त्याच्याकडून अपेक्षाही नसते.

व्यावसायिक गॅलरी वेगळी असते. ती चित्रकाराकडून भाडं घेत नाही. कोणाचं काम दाखवायचं हे ती स्वतः ठरवते, त्याच्या प्रदर्शनाचा खर्च करते आणि विक्री झाली तर त्यातला वाटा घेते. चित्रं विकली गेली नाहीत, तर झळ तिलाही बसते.

१९६३ : पहिल्या मजल्यावरची खोली

केकू आणि त्यांच्या पत्नी खुर्शीद यांनी १९६३ मध्ये जहांगीरच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या एका लहानशा जागेत गॅलरी केमोल्ड सुरू केली. त्याच वर्षी फोर्टमध्ये काली पंडोल यांनी पंडोल आर्ट गॅलरी काढली. गायतोंड्यांचं काम पुढे अनेक वर्षं पंडोलांकडे राहिलं. म्हणजे मुंबईच्या चित्रव्यवहाराचा पाया ज्या खोल्यांमध्ये घातला गेला, त्यातल्या दोन एकाच वर्षी उघडल्या. केमोल्डचा रोजचा कारभार, हिशेब आणि चित्रकारांशी संबंध सांभाळण्याचं काम मुख्यतः खुर्शीद गांधी यांनी केलं.

अशा गॅलरीचं काम पायरीपायरीने पाहता येतं.

पहिली पायरी निवडीची. गॅलरीवाला चित्रकाराच्या कामाच्या जागी जातो, पूर्ण झालेली आणि अर्धवट राहिलेली कामं पाहतो, जुन्या वह्या चाळतो. एखादं सुंदर चित्र कुणाच्याही हातून होऊ शकतं. गॅलरीला शोध असतो तो पुढची वीस वर्षं विचार करत राहील अशा माणसाचा. केमोल्डने ज्यांच्यावर भरवसा टाकला, त्यात बडोद्याचे भूपेन खक्कर होते. ते व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. केशकर्तनालयवाला, घड्याळजी, शिंपी अशा माणसांना त्यांनी कॅनव्हासवर आणलं, तेव्हा चित्राचा विषय असाही असू शकतो हे पटायला प्रेक्षकांना वेळ लागला.

दुसरी पायरी सातत्याची. दोन-तीन वर्षांनी एकल प्रदर्शन, म्हणजे फक्त त्याच एका चित्रकाराचं. वार्षिक प्रदर्शनात जे दिसत नव्हतं ते इथे दिसतं. मागच्या वेळी तो कुठे होता आणि आता कुठे आला आहे, याचा माग लागतो.

तिसरी पायरी शब्दांची. प्रदर्शनाबरोबर पुस्तिका निघते, तिच्यात जाणकाराचा लेख असतो, प्रत्येक चित्राचा फोटो, वर्ष, माप आणि माध्यम यांची नोंद असते. समीक्षकांना बोलावलं जातं. नवी कला पाहताना लोक अडखळतात, तेव्हा त्यांच्यासाठी बोलणारं कुणीतरी लागतं.

चौथी पायरी योग्य घराची. चित्र कुणाला विकायचं, याचाही गॅलरी विचार करते. घेऊन जाऊन दुसऱ्या वर्षी नफ्याने विकणाऱ्यापेक्षा, चित्र सांभाळणाऱ्या आणि प्रदर्शनासाठी उसनं देणाऱ्या संग्राहकाला ती पसंती देते. त्याहून चांगलं म्हणजे संग्रहालय. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी पन्नास-साठच्या दशकांत चित्रं विकत घेतली, तेव्हा हुसेन आणि त्यांच्या समकालीनांची कामं एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेच्या भिंतींवर गेली. असा खरेदीदार मिळाला की चित्रकाराच्या नावाला वजन येतं.

पाचवी पायरी नोंदींची. कोणतं चित्र कधी दाखवलं, कुणी घेतलं, आता कुठे आहे. ही कागदपत्रं पन्नास वर्षांनी सोन्याच्या मोलाची ठरतात.

लाल टिकली आणि भावाचं गणित

प्रदर्शनात चित्राशेजारच्या चिठ्ठीवर छोटी लाल टिकली चिकटवलेली दिसली, तर ते चित्र विकलं गेलं असं समजायचं. प्रदर्शन संपेपर्यंत ते भिंतीवरच राहतं. आत शिरणारा दुसरा खरेदीदार ती टिकली पाहतो आणि त्याची नजर उरलेल्या चित्रांकडे वळते.

किंमत मात्र टिकली लागण्याआधीच ठरलेली असते. भारतात बरेच चित्रकार आणि गॅलऱ्या चौरस इंचाचा दर धरतात. समजा, एखाद्या नवोदित चित्रकाराचा दर चौरस इंचाला ५० रुपये आहे. ३० बाय ४० इंचाचं चित्र म्हणजे १,२०० चौरस इंच, किंमत ६० हजार रुपये. त्यातला साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग गॅलरीचा, बाकी चित्रकाराचा. गॅलरीच्या वाट्यातून जागेचं भाडं, छपाई, वाहतूक, विमा आणि पगार जातात.

हा दर कमी का ठेवायचा आणि हळूहळूच का वाढवायचा, यामागे साधं कारण आहे. एकदा चढवलेला दर खाली आणता येत नाही. तो खाली आणला तर पूर्वी जास्त पैसे देऊन चित्र घेतलेल्या प्रत्येकाला फसल्यासारखं वाटतं आणि चित्रकाराचं नाव बाजारातून उठतं. लासलगावात काल चढलेला कांदा आज उतरला तर कुणी शेतकऱ्याला दोष देत नाही, कारण कांदा खाऊन संपतो आणि पुढच्या हंगामाचा माल नवा असतो. चित्र संपत नाही. साठ वर्षांपूर्वी विकलेलं चित्र आजही त्याच चित्रकाराच्या नावावर बाजारात उभं असतं. म्हणून गॅलरी भाव वाढवण्यापेक्षा भाव टिकवण्याची काळजी अधिक करते.

चित्रकाराकडून किंवा त्याच्या गॅलरीतून होणाऱ्या पहिल्या विक्रीला प्राथमिक बाजार म्हणतात. घेणाऱ्याने ते पुढे विकलं की दुय्यम बाजार सुरू होतो आणि लिलाव मुख्यतः या दुय्यम बाजारात होतात. तिथे ‘मालकीची साखळी’ फार महत्त्वाची ठरते. हुसेन यांनी १९५४ मध्ये केलेलं ‘ग्राम यात्रा’ हे सुमारे १४ फूट लांबीचं चित्र दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरांनी त्याच वर्षी घेतलं. त्यांनी ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला दिलं आणि कित्येक दशकं ते तिथेच राहिलं. घेणारा कोण, चित्र कुठे होतं, हे सगळं माहीत होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्याला एक कोटी ३७ लाख डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. साखळीतला एखादा दुवा गायब असता तर चित्र खरं की नक्कल, हा संशय भाव खाली ओढायला पुरेसा होता.

गायतोंड्यांच्या भावामागेही असाच दीर्घ प्रवास आहे. त्यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूरचा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, पुढचं बरंच आयुष्य दिल्लीतल्या एका लहान खोलीत, मृत्यू २००१ मध्ये. फारच थोडी चित्रं त्यांनी केली. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. चित्रं थोडी, नोंदी नीट, जगातल्या नामांकित संग्रहालयाची मान्यता, आणि हे सगळं होईपर्यंत अनेक दशकं त्या कामाची बूज राखणारी गॅलरी. ३९ कोटी ९८ लाखांच्या बोलीत हे सगळं जमा होतं.

या भावातलं चित्रकाराला काय मिळतं? लिलावातला पैसा विकणाऱ्याचा. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये तरतूद आहे की, मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. चित्रकारांनी हे कलम माहीत करून घ्यायला हवं.

गंजाडहून काळा घोड्याला

गॅलरी काय करू शकते याचं सर्वांत बोलकं उदाहरण महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यातलं आहे. निफाडच्या पश्चिमेला पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत आणि त्यापलीकडे डहाणू-तलासरीपर्यंत वारली समाजाची वस्ती आहे. लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर ‘चौक’ लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची, ही तिथली रीत. शेणा-मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि हे काम सुवासिनींचं. कुणाचं नाव त्यावर नसायचं. लग्न झालं, काही काळ गेला की चित्र पुसट व्हायचं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यापूर्वी बिहारमध्ये दुष्काळाच्या काळात मधुबनीच्या स्त्रियांना कागदावर चित्रं काढायला त्यांनीच उद्युक्त केलं होतं. डहाणूजवळच्या गंजाडमध्ये त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. लग्नाचं निमित्त नसताना, पुरुष असून, मशे रोज चित्रं काढत होते. १९७५ मध्ये गॅलरी केमोल्डमध्ये मशे यांचं प्रदर्शन भरलं.

त्यांच्या कामाकडे जवळून पाहिलं की ते गॅलरीत का लागलं, याचं कारण कळतं. एका चित्रात मासे पकडायचं जाळं आहे. बारीक पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदत कापडभर पसरत जातात, इतक्या दाट की आधी जाळं दिसतच नाही, हलणारं पाणी दिसतं. मग त्यात अडकलेले मासे सापडतात, मग काठावरची माणसं. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, पण कमरेच्या बारीकशा कलावरून तो ओढतो आहे की पळतो आहे ते कळतं. आयुष्यभर एकच गोष्ट बारकाईने पाहणाऱ्या माणसाची ती रेघ आहे.

केमोल्डने हे काम हस्तकलेच्या दुकानात न ठेवता ज्या भिंतीवर शहरी चित्रकारांची कामं लागत, त्याच भिंतीवर लावलं आणि खाली नाव लिहिलं. त्या नावाने पुढचं सगळं घडवलं. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचं काम गेलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. समाजातल्या पुरुषांनी आणि नंतर मुलींनीही कागद-कापडावर चित्रं काढणं हा उपजीविकेचा मार्ग केला.

यातून एक प्रश्नही उभा राहिला, आणि तो आजही मिटलेला नाही. जी परंपरा पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी सांभाळली, तिची कीर्ती पुरुष चित्रकारांच्या वाट्याला आली. शिवाय वारली आकृत्या आज रिक्षांवर, साड्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर कुणीही छापतो, त्याचा पैसा समाजाकडे जात नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते नक्कल थांबवायला पुरेसं पडलेलं नाही. गॅलरीने एका माणसाला नाव दिलं. समाजाच्या हक्काचं काम कायद्याने आणि ग्राहकांनी करायचं आहे.

लहान खोलीतून मोठ्या जागेत

१९८८ मध्ये केकू-खुर्शीद यांच्या कन्या शिरीन गांधी यांनी गॅलरीची सूत्रं घेतली. तोवर कलेचं रूप बदलू लागलं होतं. चित्रकार फक्त कॅनव्हासवर थांबत नव्हते. नलिनी मलानी आणि विवान सुंदरम यांच्यासारखे कलावंत व्हिडिओ, वस्तू, कागदपत्रं, अख्खी खोली वापरून काम करू लागले. अशा मांडणीला ‘इन्स्टॉलेशन’ म्हणतात. प्रेक्षक तिच्यासमोर उभा न राहता तिच्या आत शिरतो.

घाटकोपरमध्ये वाढलेल्या अतुल दोडियांनी दुकानाची लोखंडी शटर वापरली. १९९२-९३ च्या दंगलींत आणि बॉम्बस्फोटांत मुंबईने शटर खाली ओढलेली पाहिली होती. दोडियांच्या कामात शटरवर एक चित्र असतं, ते वर सरकवलं की आत दुसरं. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या प्रदर्शनात ही शटर होती.

असं काम जहांगीरच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मावत नव्हतं. २००७ मध्ये, ४४ वर्षांनी, गॅलरी फोर्टमधल्या क्वीन्स मॅन्शन या जुन्या इमारतीच्या प्रशस्त मजल्यावर गेली आणि ‘केमोल्ड प्रेस्कॉट रोड’ झाली. केकू गांधी यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१२ मध्ये ते गेले. २०१३ मध्ये पन्नाशीनिमित्त समीक्षक गीता कपूर यांनी तिथे प्रदर्शनांची मालिका योजली, २०२३ मध्ये साठीनिमित्त जुने कागद, पत्रं आणि नोंदीच प्रदर्शनाचा विषय झाल्या.

मुंबईबाहेर काय?

ही सगळी व्यवस्था दक्षिण मुंबईच्या दोन-तीन चौरस किलोमीटरमध्ये एकवटली आहे, आणि तिची खरी उणीव हीच आहे. नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्रणाची भक्कम परंपरा आहे, शिवाजी तुपे यांच्यासारखे चित्रकार तिथे घडले. शिकलेले चित्रकार जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. त्यांची जबाबदारी घेणारी, दर तीन वर्षांनी त्यांचं काम दाखवणारी आणि नोंदी ठेवणारी गॅलरी मात्र बहुतेक जिल्ह्यांत नाही. भाड्याचं दालन मिळतं, पुढे कुणी नसतं.

ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रकार झालेले सुधीर पटवर्धन यांना ही गोष्ट टोचत होती. त्यांच्या पुढाकाराने २००८-०९ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरलं. समकालीन चित्रकारांची मूळ कामं त्या त्या शहरातल्या लोकांना आपल्या गावात पाहायला मिळाली. असे प्रयत्न थोडे झाले. जिल्हा पातळीवरच्या सहकारी संस्थांनी, बँकांनी आणि शिक्षणसंस्थांनी स्थानिक चित्रकारांची चित्रं नियमित विकत घेतली आणि नोंदींसह जपली, तर श्लेसिंगर आणि भाभा यांनी मुंबईत जे केलं ते निफाडमध्येही होऊ शकतं.

थोडक्यात

- भाड्याचं दालन चित्रकाराला आठवडाभराची भिंत देतं. व्यावसायिक गॅलरी त्याला निवडते, खर्च करते आणि विक्रीतला वाटा घेते.
- गॅलरीची पाच कामं : निवड, नियमित एकल प्रदर्शन, लेखन आणि पुस्तिका, योग्य खरेदीदार, पक्क्या नोंदी.
- पहिली विक्री म्हणजे प्राथमिक बाजार, त्यानंतरची दुय्यम. लिलावातले मोठे आकडे मुख्यतः दुय्यम बाजारातले.
- नवोदितांच्या चित्रांची किंमत बहुधा आकारावर ठरते. दर हळू वाढतो आणि सहसा खाली आणला जात नाही.
- चित्र घेताना पावती, चित्रकाराची सही, वर्ष, माप आणि माध्यम यांची लेखी नोंद मागून घ्यावी.

जाऊन पाहावं असं

निफाड-लासलगावहून सकाळच्या गाडीने मुंबईला उतरलं, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून फोर्टमधल्या गॅलऱ्या आणि काळा घोडा पायी गाठता येतात. केमोल्ड प्रेस्कॉट रोड वाटेतच आहे, पुढे जहांगीर, समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. खासगी गॅलऱ्या बहुधा अकराच्या सुमाराला उघडतात आणि रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवार बरा. आत शिरायला ओळख लागत नाही. टेबलावरच्या माणसाकडे किंमतपत्रक मागितलं तर तो देतो, चित्राबद्दल विचारलं तर सांगतो. काही घेण्याचं बंधन नसतं.

तालुक्यातली किती तरी मुलं दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. त्यातल्या बहुतेकांनी मूळ तैलचित्र जवळून पाहिलेलं नसतं, पाठ्यपुस्तकातला छापील फोटो तेवढा पाहिलेला असतो. शाळांनी या मुलांची एक सहल काळा घोड्याला जरूर न्यावी. जहांगीरला आणि या सगळ्या खासगी गॅलऱ्यांना प्रवेश विनामूल्य आहे.